रीलमधली रायफल भिवंडीत का चालत नाही? बिबट्या, बंदूक आणि कायद्याचं गणित

रात्रीची वेळ. अंगावर झाडपाल्याच्या रंगाचे कपडे घातलेला एक माणूस माळावर बसलाय. समोर तिवईवर काळी रायफल आणि तिच्यावर उष्णता टिपणारी दुर्बीण. पडद्यावर करड्या अंधारात एक पांढरा ठिपका हलतो. तो कोल्ह्यासारखा दिसणारा कोयोट. एक, दोन, तीन असे भराभर आवाज होतात आणि ठिपका थांबतो. खाली लाखो लाइक्स.

अशी रील आता भिवंडीतल्या मोबाइलवरही सहज येते. ती बघून कमेंटमध्ये नेहमीचा प्रश्न पडतो, ‘आपल्याकडे घेता येते का ही?’ भिवंडी तालुक्यात या प्रश्नाला निव्वळ हौसेपलीकडचा अर्थ आहे. शहरात यंत्रमाग आणि गोदामं असली, तरी तालुक्याच्या पश्चिमेला तुंगारेश्वरचं जंगल आहे आणि पलीकडच्या शहापूर-वाड्याकडे तानसा अभयारण्य. गणेशपुरी, वज्रेश्वरी, अंबाडी या पट्ट्यात शेळ्या पाळणाऱ्याला बिबट्या ही काही टीव्हीवरची गोष्ट वाटत नाही.

सरळ उत्तर असं की, ती रायफल घेता येत नाही, तिच्यात मनासारखे बदल करता येत नाहीत आणि तिने ते जनावर मारताही येत नाही. पण हे तीन वेगवेगळे नकार आहेत. त्यांचे कायदे वेगळे आणि शिक्षाही वेगळ्या. शिवाय सरकारी आदेशाने बिबट्याला गोळी घातली जाते तेव्हा नेमकं काय होतं, हेही फारसं कुणाला माहीत नसतं. ते नीट समजून घेऊया.

आधी त्या रायफलबद्दल

रीलमधली रायफल बहुतेक वेळा ‘एआर-१५’ प्रकारची असते. यातलं ‘एआर’ म्हणजे आर्मालाइट, हे मूळ कंपनीचं नाव. ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे. म्हणजे घोडा एकदा दाबला की एक गोळी सुटते आणि त्याच स्फोटाच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर पडून पुढचं आपोआप नळीत चढतं. पुढच्या गोळीसाठी पुन्हा घोडा दाबावा लागतो. पूर्ण ऑटोमॅटिक हत्यारात घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. या दोघांत फरक आहे, आणि भारतीय कायदाही तो फरक ओळखतो.

तिसरा प्रकार बोल्ट अ‍ॅक्शन. यात प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडा मागे ओढून पुढे ढकलावा लागतो, तेव्हा नवं काडतूस चढतं. वेग कमी, पण यंत्रणा साधी, मजबूत आणि अचूक.

अमेरिकेत कोयोटसाठी सेमी-ऑटोमॅटिक लोकप्रिय होण्यामागे कारणं आहेत. कोयोट आकाराने लहान, वेगाने पळणारा आणि बऱ्याचदा जोडीने येणारा. त्याच्यासाठी साधारण .२२३ बोअरची हलकी गोळी वापरतात. ती सेकंदाला जवळपास एक किलोमीटर वेगाने जाते, झटका कमी देते आणि दुसरी गोळी लगेच झाडता येते. तिथल्या अनेक राज्यांत कोयोटची शिकार वर्षभर खुली आहे. नळी, दस्ता, घोडा, दुर्बीण हे भाग सुटे विकत मिळतात आणि लोक घरच्या टेबलावर रायफल जुळवतात. त्या देशाचा कायदा, तिथलं जनावर आणि तिथलं मोकळं रान या तिन्ही गोष्टी जुळल्या, म्हणून ती रील बनली. भिवंडीत या तिन्हींपैकी एकही जुळत नाही.

पहिला नकार: जनावर

भारतात शिकार बंद झाली ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे. या कायद्याच्या कलम ९ नुसार अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार करता येत नाही. वाघ, बिबट्या आणि लांडगा हे अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यासाठी किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड आहे.

इथे बरेच जण एका गोष्टीत फसतात. ‘शिकार’ म्हणजे फक्त जीव घेणं, असं कायदा म्हणत नाही. पकडणं, सापळा किंवा फास लावणं, आमिष टाकणं, हाकारा करून जनावर हुसकावणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. त्यामुळे ‘गोळी लागलीच नाही’ हा बचाव होत नाही.

मग अंगावर आलेल्या बिबट्याचं काय? स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी, प्रामाणिक हेतूने जनावराला मारावं लागलं तर तो गुन्हा नाही, असं कलम ११ स्पष्ट सांगतं. मात्र मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. आणि जो आधीच कायदा मोडत होता, म्हणजे शिकारीलाच निघाला होता, त्याला ही सवलत मिळत नाही. शेळी उचलून नेली म्हणून दुसऱ्या रात्री दबा धरून बसणं हा स्वसंरक्षणाचा प्रकार नाही. ती शिकारच.

दुसरा नकार: हत्यार

शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. नियमांत हत्यारांचे वर्ग पाडले आहेत. पिस्तुलं वगळता सेमी-ऑटोमॅटिक बंदुका पहिल्या वर्गात येतात. बोलीभाषेत याला ‘पीबी’, म्हणजे प्रतिबंधित बोअर म्हणतात. लष्कर आणि पोलिसांची .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची काडतुसं ज्यात बसतात अशा रायफलीही याच वर्गात. यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही. तो दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालय देतं, तोही ज्यांच्या जिवाला गंभीर आणि नजीकचा धोका आहे अशा मोजक्या लोकांना. शिकार हे त्यासाठीचं कारणच नाही.

परवान्याशिवाय प्रतिबंधित हत्यार जवळ सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ७ ते १४ वर्षांची कैद आहे. जंगलातल्या गुन्ह्याच्या दुप्पट. म्हणजे नुसती ती रायफल घरात ठेवणं हे बिबट्या मारण्यापेक्षा मोठ्या शिक्षेचं काम आहे.

साधा परवाना कोण देतं, याचं उत्तर भिवंडीत पत्त्यावर अवलंबून आहे. नारपोली, शांतीनगर, कोनगाव अशा शहरी पोलीस ठाण्यांच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी ठाणे पोलीस आयुक्त. पडघा किंवा गणेशपुरी पोलीस ठाण्याच्या हद्दीत, म्हणजे ग्रामीण पोलिसांच्या भागात राहणाऱ्यांसाठी ठाण्याचे जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवं. पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी आणि बंदूक हाताळण्याचं प्रशिक्षण हे सगळं लागतं. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदीत एक क्रमांक मिळतो. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. २०१९ पासून ही मर्यादा दोनवर आली.

आता गंमत बघा. शेतकऱ्याला पिकाच्या रक्षणासाठी बंदूक लागते, हे १९५९ च्या कायद्यालाही मान्य आहे. पण त्यासाठी कायद्याने सुचवलेली बंदूक कोणती? ठासणीची. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, एका वेळी एकच बार काढणारी जुनी बंदूक. ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तरच किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली ‘बारा बोअर’. या नावाचाही एक हिशोब आहे. नळीत बरोबर बसेल अशा आकाराच्या शिशाच्या १२ गोळ्या मिळून एक पौंड भरतो, म्हणून ती बारा बोअर.

.३१५ कुठून आली?

सामान्य परवान्यावर मिळणारी भारतीय रायफल म्हणजे .३१५ स्पोर्टिंग. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारी, बोल्ट अ‍ॅक्शनची. जगात फारसं कुणी न वापरणारं हे बोअर भारतातच का, याचं उत्तर शिकारीत शोधून सापडत नाही. ते राजकारणात आहे.

ब्रिटिश फौजेची रायफल .३०३ ची होती. लोकांच्या हाती त्याच बोअरच्या रायफली दिल्या, तर फौजेची चोरलेली काडतुसं त्यांत चालतील, ही सरकारची भीती. म्हणून सामान्य माणसाला असं बोअर दिलं, ज्यात फौजेचं काडतूस बसणारच नाही. .३१५ हे मूळ ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसाचं भारतात रुळलेलं नाव. इंग्रज गेले, पण तर्क तसाच राहिला. आजच्या नियमांतही .३०३ आणि ७.६२ वर बंधन आहे ते याच कारणाने.

थोडक्यात, अमेरिकेत शिकारी विचारतो, ‘या जनावराला कोणतं बोअर चांगलं?’ भारतात हा निर्णय शंभर वर्षांपूर्वीपासून सरकारच करत आलंय, आणि त्याचा प्रश्न जनावराचा नसून माणसाचा होता.

तिसरा नकार: बदल

समजा एखाद्याकडे रीतसर परवान्याची बंदूक आहे. तिच्यात बदल करता येतील का?

खांद्याला लागणाऱ्या भागाला रबर लावणं, पट्टा बसवणं, नेम धरायला दुर्बीण जोडणं, यांनी बंदुकीचा वर्ग बदलत नाही. पण नळी कापून आखूड करणं, खेळण्यातल्या किंवा नकली बंदुकीची खरी बनवणं आणि एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात नेणं या गोष्टींना शस्त्र अधिनियमाचं कलम ६ आडवं येतं. बोल्ट अ‍ॅक्शनची सेमी-ऑटोमॅटिक करणं म्हणजे नेमकं हेच. यासाठी किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे.

आवाज दाबणारा सायलेन्सर हा रीलमधला आवडता भाग. भारतात आवाज किंवा नळीतली ज्वाला कमी करणारं हे उपकरणच पहिल्या वर्गात मोडतं. ते बंदुकीला लावलेलं नसलं तरीही.

दुरुस्तीचीही हीच गोष्ट. बंदुकीची दुरुस्ती, जुळणी, चाचणी करायला वेगळा परवाना लागतो. भिवंडीत यंत्रमागाचे सुटे भाग बनवणारे लेथवाले पावलापावलावर आहेत आणि त्यांच्या हाताला सफाईही आहे. पण ‘जरा एवढा दांडा घासून दे’ म्हणून आणलेला भाग बंदुकीचा निघाला, तर गुन्ह्यात आणणारा आणि घासणारा दोघेही अडकतात.

एअरगनबाबतही एक गैरसमज आहे. .१७७ पेक्षा मोठं बोअर किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त जोर असलेल्या एअरगनला परवाना लागतो. आणि परवाना न लागणाऱ्या एअरगनने संरक्षित पक्षी पाडला, तरी वन्यजीव कायद्यानुसार ती शिकारच.

मग नरभक्षक बिबट्याला कोण मारतं?

कलम ११ मध्ये एक दार उघडं ठेवलंय. त्याची किल्ली राज्यात एकाच अधिकाऱ्याकडे आहे, मुख्य वन्यजीव रक्षकाकडे. अनुसूची १ मधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झालाय, किंवा इतका जखमी आणि आजारी आहे की वाचणार नाही, अशी खात्री पटली तर ते लेखी आदेश देऊ शकतात. आदेशात कारणं लिहावी लागतात. शिवाय पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही हे पटल्याशिवाय ठार मारण्याचा आदेश देता येत नाही.

पुढचं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या, म्हणजे एनटीसीएच्या कार्यपद्धतीत आहे. गोळी घालण्याचं काम शक्यतो खात्यातल्याच निष्णात माणसाने करायचं, त्याला योग्य बोअरचं हत्यार द्यायचं. असा माणूस नसेल तर दुसऱ्या राज्यातला किंवा बाहेरचा, ज्याची पात्रता सिद्ध झालेली आहे असा नेमबाज बोलवायचा. मारल्याबद्दल बक्षीस जाहीर करायचं नाही.

महाराष्ट्रात हे दार अलीकडे अनेकदा उघडावं लागलं. २०२० मध्ये बीडच्या आष्टीपासून सोलापूरच्या करमाळ्यापर्यंत माणसांचे बळी घेणाऱ्या बिबट्याला १८ डिसेंबरला करमाळा तालुक्यात गोळी घालण्यात आली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला, त्यात दोन मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. त्यानंतर आदेश निघाला. आधी बेशुद्धीचा डार्ट मारायचा प्रयत्न झाला. तो चुकला, बिबट्या चवताळला आणि मग वन विभागाने बोलावलेल्या नेमबाजांनी त्याला ठार केलं.

आदेश असूनही चूक होते

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातली टी-१ वाघीण, म्हणजे ‘अवनी’, आठवत असेल. १३ जणांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं. आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न करा, जमलं नाही तर ठार मारा, असा आदेश होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ जीपमधून झाडलेल्या गोळीने ती मेली. मागे दोन बछडे राहिले.

आदेश खरा होता, वाघीणही तीच होती. तरी वाद थांबला नाही. एनटीसीएच्या चौकशी पथकाने दाखवून दिलं की, गोळी झाडणारा माणूस त्या कामासाठी अधिकृत नव्हता, जागेवर पशुवैद्यक नव्हता आणि शस्त्र अधिनियमाचा भंग झाला. परवाना एकाच्या नावावर आणि हत्यार दुसऱ्याच्या हातात, हे सरकारी मोहिमेतही चालत नाही, हा त्यातला धडा.

अशा वेळी रायफल कोणती असते?

इथे रील बघणाऱ्याला आश्चर्य वाटेल. मोठ्या जनावरांसाठी जगभरचे अनुभवी शिकारी पिढ्यानपिढ्या बोल्ट अ‍ॅक्शन किंवा दोन नळ्यांची डबल रायफल वापरत आले. जिम कॉर्बेट यांची प्रसिद्ध .२७५ रिग्बी बोल्ट अ‍ॅक्शनची होती. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल ती त्यांना १९०७ मध्ये भेट मिळाली होती. दक्षिणेत वाघ-बिबट्यांच्या मागावर जाणाऱ्या केनेथ अँडरसन यांच्याकडे हाताने लिव्हर ओढायची .४०५ विंचेस्टर होती.

यामागचं कारण साधं आहे. नरभक्षक बिबट्याच्या मोहिमेत किती गोळ्या सुटल्या याला काही महत्त्व नसतं. पहिली गोळी कुठे लागली, यावर सगळं ठरतं. जखमी होऊन उसात शिरलेला बिबट्या आधीपेक्षा जास्त धोकादायक असतो आणि त्याच्या मागे माणसांनाच चालत जावं लागतं. कोयोटसाठीची हलकी .२२३ गोळी वाघासारख्या जनावराच्या हाडामांसातून खोल जायला अपुरी पडू शकते.

दुसरं कारण आणखी महत्त्वाचं, चुकलेली गोळी. मोठ्या बोअरच्या रायफलीची गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. साधी .२२ सुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणून नेमबाज आधी जनावरामागे काय आहे ते बघतो. मातीचा बांध, टेकडी असं गोळी पोटात घेणारं काही असेल तरच घोडा दाबतो. आता भिवंडीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. गोदामाची पत्र्याची भिंत, तिच्या मागे कामगारांच्या खोल्या, पलीकडे महामार्ग, मध्येच वीटभट्टी आणि तबेला. तीन किलोमीटर मोकळी दिशा इथे कुठल्या बाजूला मिळेल?

अंधारात हलणारं प्रत्येक झुडूप डुक्कर नसतं

याची किंमत काय असते, ते शेजारच्या पालघर जिल्ह्याने पाहिलंय. २०२५ च्या सुरुवातीला मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. रानडुक्कर समजून झाडलेली गोळी त्यांच्यातल्याच एकाला लागली आणि तो मेला. घाबरलेल्या सोबत्यांनी मृतदेह लपवल्याचं पोलीस तपासात पुढे आलं. एका रात्रीत एक माणूस गेला आणि त्याच्याच गावातले लोक आरोपी झाले.

रानडुकराने भात किंवा भाजीपाला उद्ध्वस्त केला की शेतकऱ्याचा संताप खरा असतो. पण त्यासाठीही वाट आहे. रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे आणि उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा प्राण्याबाबत वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. सुरुवात वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज देऊन होते. परवानगी आणि बंदुकीचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. दोन्ही हवेत.

‘आजोबा’ इथूनच गेला होता

बिबट्या दिसला की तो मारायलाच हवा का? याचं एक उत्तर याच जिल्ह्याच्या मातीत आहे. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका थोराड बिबट्याला वाचवून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याला ‘आजोबा’ नाव दिलं. तो तिथे थांबला नाही. रेल्वेरूळ, महामार्ग, गावं आणि खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ मध्ये तो रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेला. २०१४ चा ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट याच गोष्टीवरचा.

म्हणजे आपण झोपेत असताना बिबट्या शेजारून जातो आणि बहुतेक वेळा कुणाला कळतही नाही. अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. सरसकट बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. ओळखीचा मुलूख सुटलेलं जनावर बिथरतं. ‘पिंजरा लावा’ ही मागणी दरवेळी उपाय ठरतेच असं नाही, ती याचमुळे.

मग शेळीवाल्याने करायचं काय?

बिबट्या बहुतेक वेळा सोप्या शिकारीसाठी गावाजवळ येतो, म्हणजे भटकी कुत्री, उकिरड्यावरची डुकरं, उघड्यावर बांधलेल्या शेळ्या. म्हणून सगळ्यात उपयोगी ‘हत्यार’ म्हणजे बंद गोठा. चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी, मजबूत कडी, बाहेर दिवा. घराभोवतीचं रान कापलेलं. मांसाचा कचरा उघड्यावर न टाकणं. संध्याकाळनंतर लहान मुलांना एकटं न सोडणं, आणि शेतात वाकून काम करताना कुणीतरी सोबत असणं, कारण बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो.

बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, मोबाइल घेऊन मागे धावू नका, त्याला पळायला वाट ठेवा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, पोलिसांसाठी ११२.

जनावर मारलं गेलं तर जागा जशीच्या तशी ठेवून ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवायचं. मेलेलं जनावर हलवायचं नाही, पुरायचं नाही. पंचनामा झाला की बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, मिळते. माणसाचा मृत्यू झाला तर वारसांना २५ लाख रुपये मिळतात. गेलेलं माणूस पैशाने परत येत नाही. पण अनेक कुटुंबांची भरपाई अडते ती वेळेत न कळवल्यामुळे, आणि ते टाळणं आपल्या हातात आहे.

आणि ज्याला खरंच रायफलची आवड आहे त्याने?

नेम धरायची ओढ वाटणं यात चूक काहीच नाही. त्यासाठी मैदान आहे. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या खेळात रायफल एका वेळी एकच .२२ ची गोळी झाडते.

रायफलीत ‘बदल करणं’ म्हणजे काय, तेही खरं तिथेच कळतं. गाल टेकवायची पट्टी किती वर, खांद्याची प्लेट किती मागे, हाताची मूठ किती तिरकी, हे सगळं खेळाडूच्या अंगाप्रमाणे मिलिमीटरमध्ये जुळवतात. समोर कागदाचं लक्ष्य आणि त्यामागे गोळी अडवणारी भिंत. चुकलेली गोळी कुणाच्या घरात जात नाही.

रीलमधला माणूस रायफल निवडून मग जनावर शोधायला निघतो. आपल्या कायद्याचा क्रम उलटा आहे. आधी जनावर कोणतं, मग आदेश कुणाचा, मग माणूस कोण आणि सगळ्यात शेवटी हत्यार. पुढच्या वेळी ती रील समोर आली की बघायला हरकत नाही. फक्त त्यानंतर दुकान शोधण्याऐवजी गोठ्याची कडी नीट लागली आहे का, ते बघून यायचं.